ब्रेंडलिनांच्या घरचे बारा

आमच्या बाझल शहरात सूर्य बरोबर डोक्यावर आला की घड्याळात एकचा टोला पडतो. बाकीच्या जगात त्या क्षणी बारा वाजलेले असतात. म्हणजे जग आमच्यापेक्षा एक तास मागे आहे. यात चूक जगाची आहे असं मी लहानपणी मानत होते. माझे बाबा पन्नाशी उलटल्यावरही मानत होते.

हे असं का, याची बाबांकडे दोन कारणं होती. हिवाळ्यात ते सांगायचे, की फार पूर्वी काही फितुरांनी रात्री बाराच्या टोल्याला वेशी उघडायचं ठरवलं होतं. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला ते कळलं. त्याने बारा गाळून एकदम एकचा टोला दिला, फितूर गोंधळले आणि शहर वाचलं. उन्हाळ्यात सांगायचे, की इथे मोठी धर्मसभा भरली होती तेव्हा कार्डिनल मंडळी अंथरुणातून उठेनात, म्हणून घड्याळच पुढे सरकवलं.

"बाबा, यातलं खरं कुठलं?" मी एकदा विचारलं.

"थंडीत पहिलं, उकाड्यात दुसरं," ते म्हणाले आणि मधाचं पीठ मळायला लागले.

मासळी बाजाराजवळ आमची भट्टी आहे. ब्रेंडलिनांच्या लेकरली, म्हणजे मध, बदाम आणि लवंगेच्या कडक वड्या, साऱ्या शहरात जातात. पीठ कुणासाठी थांबत नाही, म्हणून बाबाही कुणासाठी थांबत नाहीत. आई गेल्यापासून घरात बाबा, त्यांची बहीण उर्सेल आत्या, मी आणि स्वयंपाकीण ब्रिगिटे. शिवाय पणजोबांचं उंच घड्याळ, ज्याला बाबा घरातलं पाचवं माणूस समजत आणि आम्हा चौघांपेक्षा जास्त मान देत.

योस्त आमच्या दुकानात आला तो गल्लीच्या गटाराचा उतार मोजायला. तो मुल्हाउझनचा मोजणीदार. त्याने एक लेकरली विकत घेतली, खिशातून पितळी पट्टी काढली आणि वडीच्या चारी बाजू मोजल्या. मग दुसरी घेतली, तीही मोजली.

"एका मापाच्या आहेत," तो थक्क होऊन म्हणाला. "केसाचाही फरक नाही. कोण कापतं या?"

"मी," मी म्हणाले.

त्याने पट्टीवरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीचा उतार त्याने इतक्या वेळा मोजला, की शेजारीपाजारी म्हणायला लागले, आता पाणी वर चढायला हवं.

ऑक्टोबरात बाबांनी त्याला जेवायला बोलावलं. बारा वाजता. योस्तला आमचं घड्याळ जगापेक्षा एका तासाने वेगळं आहे हे माहीत होतं. त्याने हिशेबही केला. फक्त त्याचं चिन्ह चुकलं. एक तास वजा करायचा, तो त्याने मिळवला. आमचे बारा म्हणजे त्याच्या घड्याळात अकरा. तो आला त्याच्या एकला, म्हणजे आमच्या दोनला. बाबांनी बरोबर बाराला जेवायला सुरुवात केली होती, समोर योस्तचं रिकामं ताट मांडून. तो दारात आला तेव्हा ताट घासून फडताळात गेलं होतं.

"या मुल्हाउझनकर," बाबा म्हणाले. "एक तास उशीर झाला असता तर परगावचे म्हणून सोडलं असतं. दोन तास उशीर करायला अक्कल लागते."

"मी अधिक केलं," योस्त पांढरा पडून म्हणाला. "उणे करायला हवं होतं."

"हा माणूस जमीन मोजतो म्हणे!" बाबा आत्याकडे वळून म्हणाले. "याने मोजलेल्या शेतात जाऊ नकोस उर्सेल. शेजाऱ्याच्या घरात निघशील."

मी रडले, रुसले, तीन दिवस वड्या वाकड्या कापल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली तेव्हा बाबा नरमले. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, बारा वाजता, एक शेवटची संधी. त्याच जेवणाला बेनेडिक्टही येणार होता. बेनेडिक्ट नगरसभेतल्या एका सभासदाचा पुतण्या. दिसायला बरा, बोलायला बरा, आणि मनोऱ्यावर टोला पडत असताना ज्याच्या त्याच्या दारात हजर असणारा. "जो वेळेवर येईल त्याच्याशी साखरपुडा," बाबा म्हणाले. "मग माझ्यापुढे नाक ओढायचं नाही."

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात नगरसभेला उपरती झाली. हुकूम निघाला, की १७७९च्या पहिल्या तारखेपासून बाझलची घड्याळं एक तास मागे, जगाबरोबर.

गाव पेटलं. मासळीवाल्या म्हणाल्या, एक तास मागे म्हणजे मासे एक तास शिळे. केशकर्तनवाल्याने जाहीर केलं, की नव्या तासाच्या माणसांची दाढी तो जुन्या पात्याने करेल. पुलाच्या वेशीवर आमचा एक लाकडी राजा आहे, घड्याळाच्या यंत्रावर टिकटिक जीभ बाहेर काढून पलीकडच्या काठाला वेडावतो. लोक म्हणाले, आता तो आपल्यालाच वेडावणार.

मला मात्र आनंदाने नाचावंसं वाटलं. शहराची वेळ आणि योस्तची वेळ एकच होणार! अधिक नाही, उणे नाही. मुल्हाउझनला पीठ घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याला मी निरोप पाठ करायला लावला: "पहिल्या तारखेपासून इथलं घड्याळ तुमच्यासारखंच. हिशेब करू नकोस. तुझ्या बाराला ये." ही आनंदाची गोष्ट मी फक्त उर्सेल आत्याला सांगितली. आत्याने माझा गालगुच्चा घेतला.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी जेवताना बाबांनी चमचा खाली ठेवला.

"शहराने खुशाल मागे जावं," ते म्हणाले. "या घरात उद्याही आपलेच बारा. आजोबांच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. आणि मला नगरसभेचे टोले ऐकायचे नाहीत." त्यांनी लोकरीचे दोन बोळे काढले, हंसाच्या चरबीत बुडवले आणि कानात घातले. "उर्सेल! उद्या भट्टी बंद! वर्षातून एकदाच झोपतो मी! आपल्या घड्याळात दहा वाजले की उठव!"

कानात बोळे असल्यामुळे हे सगळं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. बाबांचे बारा म्हणजे योस्तचे अकरा. योस्त माझ्या निरोपाप्रमाणे त्याच्या बाराला येणार, म्हणजे बाबांच्या हिशेबाने पुन्हा तासभर उशिरा. बेनेडिक्टही मनोऱ्याच्या टोल्यावर चालणारा, तोही उशिराच येणार होता. पण बाबांना मी ओळखत होते. बेनेडिक्टला उशीर झाला तर ती नगरसभेची चूक ठरणार होती. योस्तला झाला तर योस्तची.

सकाळी खिडकीबाहेर ऱ्हाइन नदीवरचं धुकं इतकं दाट होतं, की समोरचं घरही दिसत नव्हतं. सूर्याचा पत्ता नाही. वरून बाबांचं घोरणं येत होतं. मी माडीवर केसांना चिमटे लावत बसले आणि बसल्या बसल्या उपाय सापडला. सोपा उपाय. घरातलं घड्याळ एक तास मागे घ्यायचं. बाबा झोपलेले, कानात बोळे, बाहेर धुकं. त्यांना वेळ सांगणारी एकच वस्तू घरात होती.

मी खाली आले तेव्हा आत्या शेजारी नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला निघून गेली होती. घड्याळात आठ वाजून गेले होते. टोले देणारं घड्याळ उलटं फिरवलं तर त्याची टोल्यांची मोजणी बिघडते, हे मला माहीत होतं. म्हणून मी काटा सुलटाच फिरवला, अकरा तास पुढे. वाटेत दर तासाला ते घड्याळ इमानेइतबारे टोले देत राहिलं. नऊ, दहा, अकरा, बारा, मग पुन्हा एकपासून. मी घंटेवर आत्याची शाल गुंडाळली होती, तरी सत्तरएक टोले ते सत्तरएक टोले.

"काय चाललंय तिकडे?" ब्रिगिटे स्वयंपाकघरातून ओरडली.

"नवीन वर्ष आलं!" मी ओरडले.

"एकच आलं ना?" ती म्हणाली.

शेवटी काटा सातच्या पुढे आणून मी शाल काढली, घड्याळाच्या लाकडाला मिठी मारली आणि माडीवर पळाले. थोडं थांबून मनोऱ्याचा टोला ऐकला असता आणि घड्याळाशी ताडून पाहिला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घरातलं घड्याळ शहराच्या एक तास पुढे आहे, हे मी धरूनच चालले होते. जे आपल्याला पक्कं ठाऊक असतं ते कोण मोजत बसतं?

घड्याळात नऊ वाजले तेव्हा ब्रिगिटेने हंस स्वयंपाकघरातल्या भट्टीत सरकवला. दहा वाजत आले तशी आत्या बाबांना उठवायला वर गेली. मी दिवाणखान्यात ताटं मांडत होते आणि गुणगुणत होते. अजून दोन तास!

दहाचे टोले पडले आणि दारावर थाप पडली.

मी दार उघडलं. बाहेर योस्त. भुवयांवर दव गोठलेलं, हातात घड्याळ, तोंडभर हसू.

"अगदी वेळेवर!" तो म्हणाला. "गल्लीच्या टोकाला उभा राहून काटा बरोबर येईपर्यंत थांबलो."

"तू?" मी म्हणाले. "आत्ता? कशाला आलास? जा! जा आणि दोन तासांनी ये!"

"म्हणजे काय? मी आलोय ते—"

"कोण आहे?" जिन्यावरून बाबा गरजले. अंगात झोपायचा सदरा, डोक्यावर टोपी, अर्ध्या चेहऱ्यावर साबण. दुसऱ्या अर्ध्यावर विलक्षण तजेला. "सालोमे! आयुष्यात इतकी छान झोप लागली नव्हती! कोण आलंय?" मग त्यांना योस्त दिसला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा योस्तकडे पाहिलं. साबण लावलेला गाल हळूहळू थरथरू लागला.

"उर्सेल!" ते ओरडले. "ये, ये, बघायला ये! मुल्हाउझनकर आलेत! मागच्या वेळी दोन तास उशिरा, या वेळी दोन तास लवकर! सरासरी काढली तर हा माणूस कायम वेळेवर असतो!"

"ब्रेंडलिन महाशय," योस्त म्हणाला, "मी वेळेवरच आलोय. माझ्या घड्याळात अकरा वाजलेत. म्हणजे तुमच्या हिशेबाने बारा."

"काय?"

"बारा!" योस्त ओरडला.

"दहा!" बाबा ओरडले आणि पणजोबांच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

योस्तने घड्याळाजवळ जाऊन काटे पाहिले, लंबक पाहिला, कान लावून ऐकलं. मग सरळ उभा राहून त्याने ते वाक्य उच्चारलं, जे आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"तुमचं घड्याळ चुकलंय."

बोळ्यांमधूनही ते बाबांना ऐकू गेलं. स्वयंपाकघरात ब्रिगिटेच्या हातातला डाव पडला.

"चुकलंय?" बाबांचा आवाज एकदम हळू झाला, आणि हळू झाला की ते खरे भयंकर असतात. "हे घड्याळ? माझ्या आजोबांचं? नगरसभा चुकेल, सूर्य चुकेल. तुम्ही तर चुकताच. मुल्हाउझनकर, दार तुमच्या पाठीमागे आहे. उघडंच आहे."

योस्त हलला नाही. "मी जाईन," तो म्हणाला. "पण दोन तास चुकलंय ते. मी जातोय म्हणून ते बरोबर होणार नाही."

एका वाक्याने त्याला सुटता आलं असतं. 'चूक झाली, माफ करा,' एवढं म्हणाला असता तर बाबांनी दोन शिव्या देऊन बसवून घेतलं असतं. पण त्याच्या तोंडून ते निघणार नव्हतं. मी तिथे हातात सहा काटे-चमचे घेऊन उभी होते. मी गप्प राहिले तर योस्त दाराबाहेर जाणार आणि बोलले तर मी घरातलं सर्वात मोठं पाप कबूल करणार. मी चमचे टेबलावर टाकले.

"बाबा, घड्याळ मी फिरवलं."

त्यांनी कानातला एक बोळा काढला. "काय म्हणालीस?"

"मी घड्याळ एक तास मागे घेतलं. सकाळी. मी योस्तला शहराच्या बाराला बोलावलं होतं. तुम्ही रात्री ते फर्मान काढलंत. मग मी काय करणार?"

बाबांनी दुसरा बोळा काढला. "माझ्या घरात, माझ्याच मुलीने, नगरसभेची वेळ?"

"एकच तास!" मी म्हणाले. मग मलाच शंका आली. "पण योस्त, तू दोन म्हणालास."

"दोनच आहेत," योस्त म्हणाला.

"एकच फिरवला मी! शपथेवर! सगळे टोले मोजून!"

जिन्यावर उर्सेल आत्या खाकरली. ती बाबांचा वस्तरा हातात घेऊन उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"मग दुसरा तास माझा असेल," ती म्हणाली.

"तुझा?"

"मला यंत्रातलं काय कळतं? मी पहाटे उठले आणि तासभर लंबक धरून बसले. हाताला मुंग्या आल्या. मधेच ब्रिगिटे आली तर म्हटलं, पुसतेय."

"मला वाटलंच, लंबक एवढा कशाला पुसायचा," ब्रिगिटे आतून म्हणाली.

मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. माझ्या पोटातून हसू वर यायला लागलं, अगदी चुकीच्या वेळी. मी ओठ दाबले. आत्याचे खांदे हलायला लागले. बाबा मात्र बोटांवर हिशेब करत होते. एक माझा, एक आत्याचा, दहात दोन मिळवले.

"म्हणजे आत्ता बारा वाजलेत," ते पुटपुटले. "आपले बारा."

"साडेतीन मिनिटं होऊन गेली," योस्त म्हणाला. त्याला राहवलं नाही.

बाबा जिन्याची शेवटची पायरी उतरून त्याच्यासमोर आले. "थांबा. हिने तुम्हाला शहराच्या बाराला बोलावलं. मनोऱ्यावर आत्ता अकरा झाले. मग तुम्ही एक तास आधी का आलात? पुन्हा चिन्ह चुकलं?"

"नाही. या वेळी मी हिशेब केला नाही." योस्तने टोपी हातात घेतली. "निरोप मिळाला तेव्हा मी विचार केला. ऑक्टोबरात मी आलो तेव्हा तुम्ही माझं ताट मांडून बाराला जेवला होतात. समोर रिकामं ताट ठेवून, हे सालोमेने नंतर सांगितलं. मला वाटलं, हा माणूस नगरसभेसाठी घड्याळ फिरवणार नाही. शहराने फिरवलं असेल. पण मला शहराने कुठे जेवायला बोलावलं होतं?"

बाबांनी सदऱ्याच्या बाहीने गाल पुसला आणि साबण डोळ्यात गेला, म्हणून डोळे पुसले. निदान आम्हाला तसं सांगितलं.

"ऐकलंत?" ते आत्याला म्हणाले, जणू आत्या म्हणजे भरलेली सभाच. "सख्खी मुलगी फितूर, सख्खी बहीण फितूर! अख्ख्या बाझलात आपला तास पाळणारा एकच माणूस निघाला आणि तो मुल्हाउझनचा!" त्यांनी योस्तच्या खांद्यावर हात टाकला. "म्हणजे तुम्हाला पटलं तर. आपलाच तास खरा."

मी बाबांच्या पाठीमागून योस्तला हातवारे केले. मान हलव. नुसती हलव. त्याने माझे हातवारे पाहिले. मला ते स्पष्ट दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या घरचा तास तुमचा. पण तुम्ही एक म्हणता तेव्हा सूर्याचे बारा वाजलेले असतात. ते मी मोजलंय."

मी डोळे मिटून घेतले.

"सूर्य!" बाबा म्हणाले. मग त्यांच्या पोटातून गडगड सुरू झाली, आणि मला वाटलं आता स्फोट होणार. पण ते हसत होते. टोपी पडेपर्यंत हसत होते. "सूर्याला मी कुठे जेवायला बोलावलंय?"

मग काय झालं ते मला नीट ओळीने आठवत नाही. आत्या जिन्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ब्रिगिटे बाहेर येऊन विचारू लागली, की बारा वाजले असतील तर हंस कुठला आणायचा, कारण भट्टीतल्या हंसाला तर अजून एकच तास झालाय आणि त्याच्या तंगडीतून रक्त येतंय. बाबांना तेव्हा कळलं, की त्यांच्या घरात पाहुणा वेळेवर आलाय आणि यजमान झोपायच्या टोपीत आहे. चार पिढ्यांत पहिल्यांदा ब्रेंडलिनांना उशीर झाला होता. ते दाणदाण पावलं आपटत वर गेले आणि उरलेला गाल भादरून, काळा कोट चढवून खाली आले.

"तुम्ही लावा," त्यांनी योस्तला घड्याळ दाखवलं. "दोन तास पुढे. अधिक, बरं का. उणे नाही."

योस्तने काटा फिरवला. बाबा शेजारी उभे राहून एकेक टोला मोजत होते. काटा जागेवर आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, योस्तचा धरला, आणि दोन्ही एकमेकांत अशा जोराने दाबले, जसे ते पिठाचे दोन गोळे एक करतात. "वड्या सरळ काप आता," मला म्हणाले. योस्तला म्हणाले, "आणि तुम्ही. मला जे म्हणायचं होतं ते हातांनी झालं. पुढे बोलवत नाही, साबण गेलाय घशात."

आम्ही टेबलाशी बसून सूप पीत होतो. योस्त माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे, आणि आत्या दोघांच्या ताटल्यांत पाव वाढत सुटली होती. तेवढ्यात धुक्यातून मनोऱ्याचे टोले आले. नगरसभेचे, नवे कोरे, पूर्ण बारा. शेवटचा टोला विरतो न विरतो तोच दारावर नेमकी, बेताची थाप पडली.

बाबा स्वतः उठले. दारात बेनेडिक्ट होता, इस्त्रीचा कोट, हातात रिबीन बांधलेला लेकरलींचा डबा, दुसऱ्याच कुठल्यातरी भट्टीचा.

"या या, बेनेडिक्ट," बाबा तोंडभरून म्हणाले आणि दार सताड उघडलं. "साखरपुड्याला अगदी वेळेवर आलात. बसा. हंस अजून कच्चा आहे."